कोकणातल्या आमच्या जुन्या सिनेगॉगची दुरुस्ती करायची आहे आणि मागे हॉल बांधायचाय, सुरुवात कुठून करावी?

समुद्राकाठचा लिहितो:

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, वेळ काढून वाचा.

रायगड जिल्ह्यातल्या एका गावात आमचं बेने इस्राएल (मराठी बोलणाऱ्या ज्यू) समाजाचं जुनं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनेची जागा, आहे. शंभर वर्षांच्या वरची इमारत, दगडी जोतं, चुन्यातल्या जाड भिंती, मंगलोरी कौलं, सागवानी कैच्या, आत मधोमध कठड्याची तेवा (धर्मग्रंथ वाचायचा ओटा), पश्चिमेच्या भिंतीला हेखाल (धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट) आणि वर बायकांची गॅलरी. गावात आमची घरं आता बोटांवर मोजण्याइतकी राहिलीत, बाकी सगळे इस्राएलला किंवा ठाण्या-मुंबईला. शब्बाथला (काम न करण्याच्या शनिवारी) मिन्यानसाठी, म्हणजे सामूहिक प्रार्थनेला लागणारी, दहा माणसं जमवायची म्हणजे आदल्या दिवसापासून फोन करावे लागतात. पण सणाला आणि सुट्टीत चित्र एकदम उलटं असतं, इस्राएलहून लोक मुलं-नातवंडं घेऊन येतात, आजोबांचं घर कुठं होतं विचारतात, आणि त्यांना पाच मिनिटं टेकायला सावलीची जागा नाही, धड संडास नाही, मलिदा (गोड पोह्यांचा नैवेद्याचा विधी) करायचा तर व्हरांड्यात दाटीवाटीने बसायचं.

इमारतीची अवस्था अशी की पावसाळ्यात दोन कोपऱ्यांत गळतं आणि भिंतींना आतून कमरेपर्यंत लोणा लागलाय, गिलावा हाताने निघतो. पंधरा-वीस वर्षांपूर्वी बाहेरून सिमेंटचा गिलावा मारून घेतला होता, त्यानंतर हे जास्त वाढलं असं जुने लोक म्हणतात.

आता ट्रस्टच्या मीटिंगमध्ये जितकी माणसं तितकी मतं. एकाचं म्हणणं, आतलीच जागा पार्टिशन टाकून अर्धी हॉल म्हणून वापरा, गॅलरी बंद करा, वर कोणी चढतंय कुठं. एक देणगीदार ग्रॅनाइटची फरशी, पीओपीचं सीलिंग आणि एसी असं सगळं करून द्यायला तयार आहेत, मनापासून देतायत हो, पण तेवढंच द्यायचंय त्यांना. आणि एका बिल्डरने सांगितलंय की मागचं आवार मला द्या, मी दुकानांची इमारत बांधतो आणि तुम्हाला वरचा हॉल फुकट देतो.

मला स्वतःला वाटतं की प्रार्थनेची जागा आहे तशी नीट करावी आणि मागे छोटा हॉल, स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आणि येणाऱ्यांना उतरायला दोन खोल्या बांधाव्यात. पण नुसतं वाटून चालत नाही, मीटिंगमध्ये कारणं द्यावी लागतात. ज्यांनी जुन्या इमारतींवर काम केलंय किंवा ट्रस्टचे कागद सांभाळलेत त्यांनी प्लीज सांगा.

---

चुना_आणि_सागवान:

मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचंच काम करते, म्हणून जरा सविस्तर.

सगळ्यात आधी तो लोणा, कारण तुमच्या बाकी सगळ्या निर्णयांच्या मुळाशी तोच आहे. चुन्यातली भिंत जमिनीतला ओलावा शोषते आणि उन्हा-वाऱ्यात बाहेर सोडते, शंभर वर्षं ती असंच करत आलीय. बाहेरून सिमेंट मारलं की तो रस्ता बंद होतो, पाणी भिंतीतच राहतं, वर चढतं आणि आतल्या बाजूने बाहेर पडतं, येताना क्षार घेऊन येतं, ते पृष्ठभागावर सुकून फुगतात आणि गिलावा ढकलून काढतात. त्यामुळे आतून कितीही वेळा पुट्टी आणि ऑइलपेंट लावा, दोन पावसाळ्यांत परत तेच. वॉटरप्रूफ केमिकलचा कोट तर अजिबात नको. बाहेरचं सिमेंट हलक्या हाताने, छिन्नीने, दगड न दुखावता काढा (ब्रेकर मशीन भिंतीला लावू देऊ नका), एक पूर्ण उन्हाळा भिंत उघडी सुकू द्या आणि मग चुन्याचा गिलावा करा, विटांची सुरखी (भुकटी) घालून, नीट भिजवलेल्या आणि मुरवलेल्या चुन्याचा. आपल्याकडे जुने गवंडी त्यात गूळ, बेलफळ, हिरड्याचं पाणी घालतात, त्याला कारण आहे, पण प्रमाण जाणणारा माणूसच हवा, यूट्यूब बघून नको.

दुसरं, जोत्याभोवतीची जमीन बघा. गेल्या काही वर्षांत आवारात भर किंवा पेव्हर ब्लॉक टाकले असतील तर जमीन वर आली असणार आणि पावसाचं पाणी थेट भिंतीला लागत असणार. ती पातळी खाली घ्या, उतार बाहेरच्या दिशेला करा, पन्हळी नीट लावा. यात फार पैसे जात नाहीत आणि अर्धं दुखणं इथेच कमी होतं.

छप्पर. कौलं उतरवून चांगली वेगळी काढा, बरीचशी परत वापरता येतात. कैच्यांची टोकं जिथे भिंतीत जातात तिथे लाकूड कुजलेलं किंवा वाळवीने खाल्लेलं असतं, बाकीची तुळई ठणठणीत असते. पूर्ण कैची बदलायची गरज नसते, कुजलेला भाग कापून जुन्या सागवानाचा सांधा देणारे सुतार अजून आहेत. पीओपीचं सीलिंग याचसाठी नको, एकदा ते लागलं की वरची गळती आणि वाळवी दिसतच नाही, दिसते तेव्हा सीलिंगसकट खाली येते. आणि ग्रॅनाइटने जमिनीचं तोंड बंद झालं की खालचा सगळा ओलावा पुन्हा भिंतींकडेच वळतो. देणगीदारांना हे शांतपणे समजावून सांगा, मनापासून देणारी माणसं ऐकतात असा माझा अनुभव आहे. त्यांच्या नावाने छप्पर होऊ दे, ते जास्त वर्षं टिकेल.

मुंबईतलं फोर्टमधलं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग एकदा जाऊन बघा आणि ट्रस्टींनाही घेऊन जा. १८८४ची इमारत, ज्यू व्यापारी जेकब ससूनने बांधलेली. संवर्धन वास्तुविशारद विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली तिचं काम झालं, २०१९ मध्ये परत उघडली आणि त्याच वर्षी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धनाचा पुरस्कारही मिळाला. बाहेरचा जो भडक निळा रंग सगळ्यांच्या फोटोत असायचा तो गेला, आतल्या रंगीत काचा, गिलावा, लाकूडकाम सगळं दुरुस्त केलं, आणि आजही तिथे प्रार्थना चालते. माझ्या दृष्टीने यातलं शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

आता वाढीव बांधकाम. तुमचं मत बरोबर आहे, हॉल मागे आणि वेगळाच असावा. जुन्या भिंतीला चिकटवून आरसीसी बांधलं तर पाया खणताना जुना पाया उघडा पडतो, दोन इमारती वेगवेगळ्या खचतात आणि सांध्यातून कायम पाणी येतं. मध्ये मोकळी जागा ठेवा, वर हवी तर हलकी पडवी जोडा, जी उद्या काढायची ठरली तर जुन्या भिंतीला ओरखडा न पडता निघेल. उंची मूळ छपराच्या वळचणीच्या खाली. आणि खोटी जुनी कमान, खोटे खांब लावून नवं बांधकाम जुनं भासवू नका, नवं साधं आणि नवं दिसू दे.

वाढवणं म्हणजे काहीतरी पाप असंही कोणी म्हणू नये. भायखळ्याचं मागेन डेव्हिड सिनेगॉग १८६४ मध्ये डेव्हिड ससूनने बांधलं आणि समाज वाढला तेव्हा १९१० मध्ये जेकब ससूनने ते वाढवलं. परदेशातलं उदाहरण हवं असेल तर मँचेस्टरचं बघा, तिथलं १८७४चं स्पॅनिश-पोर्तुगीज सिनेगॉग आता ज्यू म्युझियम आहे, २०२१ मध्ये त्याच्या शेजारी गंजक्या रंगाच्या पोलादी पत्र्याने मढवलेली नवी इमारत उभी राहिली आणि स्वयंपाकघर, वर्ग, प्रदर्शन असं सगळं त्या नव्या भागात नेलं. त्यामुळे जुन्या दालनाला हातच लावावा लागला नाही, तिथे फक्त दुरुस्ती झाली.

---

ठाण्याची_मावशी:

आर्किटेक्टताईंनी भिंतींचं सांगितलं, मी माणसांचं सांगते, कारण नकाशा काढताना आम्हा बायकांना कोणी विचारत नाही आणि मग नंतर सगळं तोडून परत करावं लागतं.

गॅलरी बंद करू नका. वर चढणारं कोणी नाही याचं कारण जिना उभा आहे आणि येणाऱ्या बायका सत्तरीच्या आहेत, गॅलरी नकोशी झालीय म्हणून नव्हे. म्हाताऱ्या बायकांसाठी खाली एका बाजूला बाकं ठेवा, मध्ये हलवता येणारा लाकडी आडोसा, आणि गॅलरी दुरुस्त करून सणाला तरुण मुलींसाठी उघडा. आणि पार्टिशन टाकून अर्ध्या भागात जेवणावळी हे तर मला पटतच नाही, जिथे सेफेर तोरा (धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी) आहे त्या जागेत पंगती बसवायच्या नसतात. आपल्याकडे नियमच आहे की पावित्र्य वाढवत न्यायचं, कमी करायचं नाही, आणि नवं उभं राहिल्याशिवाय जुनं मोडायचंही नाही. हे सगळं मिश्नात (आपल्या धर्मनियमांच्या जुन्या संहितेत) आहे आणि त्यावरच्या चर्चेत आहे, हझानना (प्रार्थना चालवणाऱ्यांना) विचारा, ते ट्रस्टींना नीट सांगतील.

आवार पूर्ण बांधून काढू नका. सुक्का (सुक्कोथ सणाचा मांडव) उघड्या आभाळाखाली लागते, वर स्लॅब किंवा पत्रा आला की ती सुक्का राहत नाही. आमच्या ओळखीच्या एका ठिकाणी हॉल इतका मोठा बांधला की सुक्का घालायला जागाच उरली नाही, आता गल्लीत परवानगी काढून मांडव घालतात. तुम्ही आधी सुक्क्याची जागा नकाशावर आखा आणि उरलेल्या जागेत हॉल बसवा.

संडास हेखालच्या भिंतीमागे येऊ देऊ नका. हे खूप ठिकाणी होतं, कारण पश्चिमेची बाजू मागची असते आणि ड्रेनेजची लाइन तिकडूनच जाते. प्रार्थनेला तोंड करतो त्याच दिशेला संडास हे बरोबर नाही. आणि जोडीला एक बिनपायरीचा संडास हवा, व्हीलचेअर आत जाईल असा.

स्वयंपाकघरात पहिल्यापासून दोन सिंक आणि दोन ओटे करा, दुधाचं वेगळं आणि मटणाचं वेगळं, नंतर जागा निघत नाही. हात धुवायचं बेसिन हॉलच्या दाराशीच ठेवा. दिवे-पंख्यांना टायमर लावा म्हणजे शब्बाथला कोणाला बटण दाबावं लागत नाही. मलिद्याच्या ताटाला मोकळी, स्वच्छ, सगळ्यांना भोवती बसता येईल अशी जागा, खुर्च्या घडीच्या असल्या तरी चालतील. एलियाहू हन्नाबीची (प्रेषित एलियाची) खुर्ची आणि टांगलेले तेलाचे जुने दिवे काम सुरू व्हायच्या आधी काढून, गुंडाळून, यादी करून ठेवा. मजुरांच्या धबडग्यात पहिली तीच मोडतात.

आमचं ठाण्याचं शआर हशामाइम सिनेगॉग १८७९चं, पण ते आज जागतं आहे ते तिथे लोक सारखे येतात म्हणून. प्रार्थना झाली की माणसं बसतात, खातात, पोरं खेळतात, लग्नं जमतात. तुमच्या हॉलचा उपयोग तोच आहे.

---

ट्रस्टचा_कारकून:

कागदांची बाजू, क्रमाने नाही पण महत्त्वाचं सगळं सांगतो.

बिल्डरचा प्रस्ताव आधी बाजूला ठेवा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५०च्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची स्थावर मिळकत विकायला, अदलाबदल करायला किंवा बक्षीस द्यायला धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची असेल तरीही लागते. म्हणजे "मागचं आवार मला द्या" हे काही तोंडी ठरण्यासारखं नाही. आणि एकदा दुकानं झाली की त्या जागेवर तुमचा ताबा कागदावरच राहतो, हे मी बऱ्याच ट्रस्टांच्या बाबतीत बघितलंय, सगळ्या धर्मांच्या. बांधकामासाठी कर्ज काढायचा विचार असेल तर त्यालाही आयुक्तांची मंजुरी लागते का हे आधी विचारून घ्या.

इस्राएलहून पैसे येणार असतील तर फार जपून. आपलाच माणूस असला, याच गावात जन्मलेला असला, तरी आता तो परदेशी नागरिक असेल तर त्याची देणगी एफसीआरएखाली (परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली) परदेशी देणगी धरली जाते, ओसीआय (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकाचं) कार्ड असलं तरी. नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसताना ट्रस्टच्या साध्या खात्यात ते पैसे घेऊ नका. २०२०च्या दुरुस्तीनंतर अशा देणग्या आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्याव्या लागतात. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या कमाईतून दिलेले पैसे मात्र यात येत नाहीत. सणाच्या दिवशी कोणी डॉलर किंवा शेकेल पेटीत टाकतात, त्याबद्दलही सीएला विचारून ठेवा.

कंपन्यांच्या सीएसआरमधून (सामाजिक कामासाठीच्या निधीतून) ऐतिहासिक इमारतींच्या जतनाला पैसे देता येतात, कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात तसं स्पष्ट आहे. पण ते जुन्या इमारतीच्या जतनाला, नव्या हॉलला तोच मुद्दा लागू होत नाही. म्हणून दोन्ही कामांची अंदाजपत्रकं आणि हिशोब पहिल्या दिवसापासून वेगळे ठेवा.

परवानग्यांसाठी नगरपरिषदेत तीन गोष्टी विचारा. तुमची इमारत वारसा यादीत आहे का आणि कोणत्या श्रेणीत. जवळ पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक आहे का, कारण केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम मनाई आणि त्यापुढे आणखी २०० मीटर नियंत्रित क्षेत्र असतं, तुमच्या पट्ट्यात किल्ले भरपूर आहेत म्हणून मुद्दाम सांगतोय. आणि समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम. हे तीन प्रश्न आर्किटेक्टचे पैसे देण्याआधी विचारा.

---

अश्दोदहून:

मी इथे इस्राएलमध्ये वाढले, मराठी आईकडून आली, लिहिताना चुकलं तर समजून घ्या.

तुमच्याकडे येणाऱ्या त्या लोकांपैकी मी एक आहे. आम्ही येतो तेव्हा आम्हाला एसी किंवा ग्रॅनाइट बघायचं नसतं. आजीने ज्या बाकावर बसल्याचं सांगितलं ते बाक बघायचं असतं आणि आजोबांच्या लग्नाची नोंद मिळाली तर तिच्यावर बोट ठेवायचं असतं. म्हणून माझी एकच विनंती, नव्या हॉलमध्ये एक छोटी कोरडी खोली नोंदवह्यांसाठी ठेवा. जन्म, लग्न, मृत्यू, देणगीदारांच्या याद्या, सगळं आधी स्कॅन करा आणि मगच गवंडी आत येऊ द्या. माळ्यावर किंवा कपाटाच्या मागे जुनी मराठी-हिब्रू प्रार्थनेची पुस्तकं निघतील, फाटकी असतील, ती रद्दीत जाता कामा नयेत. जी वापरायच्या पलीकडे गेलीत ती दफन करायची असतात, पण त्याआधी कोणीतरी जाणत्याने चाळली पाहिजेत, कारण मुखपृष्ठावरच्या एखाद्या ओळीत अख्ख्या घराचा पत्ता सापडतो.

मला भीती फक्त एका गोष्टीची आहे, म्युझियमची. केरळात चेंदमंगलम आणि परवूरची सिनेगॉग सरकारने सुंदर दुरुस्त केली, मी बघितली, डोळे भरून आले, पण तिथे प्रार्थना नाही, तिकीट काढून आत जायचं. तिथली माणसंच निघून गेली होती तर दुसरं काय करणार, आणि निदान त्या इमारती उभ्या आहेत. मट्टांचेरीचं कडवुंभागम सिनेगॉग तर गोडाऊन झालं होतं, आतलं लाकूडकाम जेरुसलेमच्या म्युझियममध्ये आणि उरलेल्या इमारतीचा बराचसा भाग २०१९च्या पावसात कोसळला. तुमच्याकडे अजून घरं आहेत. जोपर्यंत एका जरी शब्बाथला दहा माणसं जमतात तोपर्यंत ती जागा प्रार्थनेचीच राहू दे, फोटो आणि माहितीचे फलक हॉलमध्ये लावा.

---

वेशीवरचा:

मी तुमच्या समाजाचा नाही, शेजारच्या तालुक्यातला आहे, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. आमच्या भागात शनवार तेल्यांची, म्हणजे तुमच्याच लोकांची, आठवण अजून आहे, शनिवारी घाणा बंद ठेवणारी माणसं म्हणून आजा सांगायचा. अशा इमारती गावाच्याही असतात. मग हॉल वर्षातले बरेच दिवस कुलपात का ठेवायचा? गावातल्या मुलांना अभ्यासिका द्या, बायकांच्या बचत गटाला बैठकीला द्या, आरोग्य शिबिरं होऊ देत. भायखळ्याच्या मागेन डेव्हिडच्या आवारात ससूनांच्या शाळा आहेत, तिथे शिकणारी बहुतेक मुलं आज मुसलमान आहेत, आणि दोघांचं व्यवस्थित चाललंय. गाव जिथे रोज येतं त्या जागेवर गावाचं लक्ष राहतं, उद्या कौल फुटलं तर तुमच्या ठाण्या-मुंबईच्या माणसांनाही लगेच फोन जाईल.

---

ठाण्याची_मावशी:

दादा, बोललात ते मनाला भिडलं, खरंच. पण एक अडचण समजून घ्या. २००८ मध्ये मुंबईतल्या ज्यू केंद्रावर, नरिमन हाउसवर, जो अतिरेकी हल्ला झाला त्यानंतर आमच्या जागांवर पोलीस बंदोबस्त असतो, मोठ्या सिनेगॉगमध्ये ओळखपत्र बघितल्याशिवाय आत सोडत नाहीत. कोणावर अविश्वास म्हणून नाही. यातून मार्ग असा निघेल की हॉलला रस्त्याकडून वेगळं दार द्या, मध्ये फाटक ठेवा, म्हणजे अभ्यासिका चालू असताना सिनेगॉगला कुलूप राहील आणि कोणालाच अवघडल्यासारखं होणार नाही. हे नकाशातच करून घ्या. आणि शब्बाथला आणि सणाला हॉल आपल्यासाठी मोकळा, हे गावाला आधीच सांगून ठेवायचं, लोक मानतात.

---

समुद्राकाठचा:

सगळ्यांचे मनापासून आभार, मीटिंगमध्ये हा अख्खा धागा प्रिंट काढून नेणार आहे. वेगळ्या दाराची कल्पना तर आम्हाला कोणालाच सुचली नव्हती, आणि आवाराला पूर्वेला जुनं बंद केलेलं फाटक आहेच. सुक्क्याची जागा या आठवड्यात दोरी लावून आखतो. बिल्डरला नकार कळवायचा हे मी तरी ठरवलंय, बाकी ट्रस्टींना कलम ३६ वाचून दाखवीन.

ताई, दोन प्रश्न राहिले. काम कधी सुरू करावं, आणि काम चालू असताना सेफेर तोरा कुठं ठेवायच्या?

---

चुना_आणि_सागवान:

तुमचं पंचांग इथे तुमच्या मदतीला येतं. सिमहाथ तोरा (पावसाळ्यानंतरच्या सणांतला शेवटचा) होईपर्यंत इमारत तुम्हाला सणांसाठी लागतेच, आणि तोवर पाऊसही ओसरलेला असतो. सण झाले की लगेच कौलं उतरवा, छप्पर आणि पन्हळी मार्चपर्यंत पूर्ण झाल्या पाहिजेत. पहिल्या वर्षी फक्त छप्पर, जमिनीची पातळी आणि बाहेरचं सिमेंट काढणं एवढंच घ्या. सिमेंट काढलेल्या भिंती पावसाआधी नीट सुकल्या असतील तर गिलावा करा, नसतील तर पावसात बाहेरून ताडपत्रीची पडवी घालून पुढच्या हिवाळ्यात करा, घाई करू नका. हॉलचा पाया दुसऱ्या वर्षी. छप्पर आधी झालं की हॉलचे पैसे जमायला उशीर झाला तरी इमारत सुरक्षित राहते. वायरिंग नवीन करायचं ते गिलाव्याच्या आधी, आणि भिंत न खोदता वरून पाइपमधून.

सेफेर तोरांचं धार्मिक बाजूने मावशी आणि हझान सांगतील, मी सामानाच्या बाजूने सांगते. धूळ आणि दमट हवा दोन्ही चामड्याला वाईट, म्हणून बंद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून कपाटात ठेवू नका. कोरड्या, हवा खेळत्या खोलीत, लाकडी पेट्यांसकट उभ्या.

---

ठाण्याची_मावशी:

आणि जिथे नियमित मिन्यान होतं अशा एखाद्या सिनेगॉगमध्ये ठेवा, म्हणजे त्या नुसत्या पडून राहत नाहीत, वाचल्या जातात. पेणला, अलिबागला, ठाण्याला, कुठे जमेल तिथे आत्ताच बोलून ठेवा. नेताना हझान आणि चार जण सोबत असू देत. तारीख ठरली की कळवा, आम्ही इथून येतो.